भट्टी थंड होऊ द्यायची नाही

१० नोव्हेंबर १९८९

अर्धी पाळी गायब! सकाळी कारखान्यात शिरले तर पट्ट्यावरून पेले येतायत आणि उचलायला माणूस नाही. काय तर म्हणे, बर्लिनची भिंत उघडली. काल टीव्हीवर मीही ऐकलं. विश्वास बसला नाही, झोपून गेले. बाकीच्यांचा बसला आणि ते पहाटेच्या गाडीने पळाले. पण काचेला कुणी कळवलंय का, की बाई आज जरा थांब म्हणून? ती आपली वाहतेय.

माझं काम पेले पाडायचं. प्रत्येक खेपेतला एक उचलायचा आणि दगडी फरशीवर सोडायचा. फुटला नाही की खेप पास. आज पाडायचं राहिलं बाजूला, दिवसभर पेले उचलले. हातांना चटके बसलेत, पेन धरवत नाही.

लोथार रात्रपाळी करून घरी यायचा तो आलाच नाही. त्याच्या जागेवर येणारे महाशय बर्लिनमध्ये नाचत होते ना! नवरा माझा भट्टीपाशी दुसरी पाळी ओढतोय आणि वर मलाच सांगतो — "कशाला चिडतेस हाइदे? लोक खूश आहेत." खूश आहेत तर येऊन कोळसा घाला की!

१३ नोव्हेंबर

रोसविता उगवली एकदाची. पट्ट्यावर माझ्या शेजारी उभी असते ती, शाळेपासूनची मैत्रीण. रडतेय काय, हसतेय काय. पिशवीतून एक तपकिरी, केसाळ फळ काढून माझ्या हातात ठेवलं. बटाट्याला दाढी फुटल्यासारखं. सालासकट खाल्लं आम्ही. घसा खाजला.

"अगं, इतिहास घडतोय आणि तुला पाळीचं पडलंय!"

पडलंयच मुळी. या गावात जन्मलेल्या पोरालाही ठाऊक असतं — काचेची भट्टी विझवायची नसते. विझली की आतला रस दगड होतो आणि भट्टीच्या विटा तडकतात. मग ती पुन्हा पेटत नाही, पाडावीच लागते. ख्रिसमस असो, मयत असो, कुणीतरी कोळसा घालायला जायचंच. आमच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतून लोथार उठून गेला होता. इथला रिवाजच तसा, भट्टीवरचा नवरदेव केक कापायच्या आधी आगीला खाऊ घालून येतो. आला तेव्हा नव्या कोटावर काजळी. माझी आई म्हणाली, "सवत आहे हो ही तुझी." मी तेव्हा हसले होते.

२ डिसेंबर

आम्हीही भिंतीपलीकडे, पश्चिमेत जाऊन आलो. मोठ्या दुकानात काचेचे पेले मांडलेले. मी टिचकी मारून पाहिली. कागदासारखे पातळ! दुकानातली पोरगी म्हणाली, "हात लावू नका, प्लीज. तुम्ही तिकडच्या का?" तिकडच्या! नाकाला घाण वास आल्यासारखं म्हणाली. लोथारने दंड धरून बाहेर काढलं मला, नाहीतर एक पाडूनच दाखवला असता.

१२ डिसेंबर

पिट्शच्या कोटावरचा पक्षाचा बिल्ला गेला! जिथे होता तिथे कापडाचा रंग गडद राहिलाय, बाकी कोट उन्हाने विटलेला. हा आमचा कारखान्यातला पक्षसचिव. मी एकदा मे दिनाच्या मोर्चाला गेले नाही तर यानेच मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. "कॉम्रेड कालिश, तुमची वर्गजाणीव कुठे आहे?" आज मला दारात भेटला. "श्रीमती कालिश, आता बाजारपेठेचा विचार करायला शिकलं पाहिजे." जीभ कशी झडत नाही माणसाची! वारा येईल तशी पाठ.

१९ मार्च १९९०

काल मतदान. लोथारने दोन्ही जर्मनींनी पटकन एकत्र व्हायला मत दिलं. मी नाही दिलं. मला एकत्र व्हायचंय, पण असं नाही, हात जोडून नाही. जेवताना जुंपली.

"तिकडचा मार्क आला की आपल्यालाही नव्या विटा मिळतील भट्टीला," हा म्हणतो. "जुन्या वितळल्यात."

"विटांसाठी मत दिलंस तू?"

"मग कशासाठी देतात?"

काय बोलणार या माणसाशी! ताट घासताना आपटलं मी. तो हसला. ते हसणं मला आवडतं, हाच तर वांधा आहे.

२ जुलै

कालपासून तिकडचे पैसे इकडे. आज दुकान पाहिलं आणि पायाखालची जमीन सरकली. शनिवारपर्यंत जे जे होतं ते सगळं गेलं. आमचं लोणचं, आमची मोहरी, आमचा साबण, अगदी दूधसुद्धा! दूध काय तिकडच्या, बव्हेरियाच्या गाईंनाच येतं का? इथल्या गाई काय पाणी देतात?

मागच्या अंगणात कचऱ्याची लोखंडी पेटी. त्यात आमचे पेले. खोकीच्या खोकी वरून ओतलेली. मी वाकून पाहिलं, एकही फुटलेला नव्हता. दुकानवाल्या येन्चबाई मागून म्हणाल्या, "अहो, हवे तर न्या की. आता कोण विचारतंय यांना?"

"काल-परवापर्यंत तुम्हीच रांग लावायला लावत होतात यांच्यासाठी!"

"ते काल-परवा हो."

आणि टोपल्यात काय घेऊन चालल्या होत्या बाया? ते कागदी पातळ पेले! आमच्याच कारखान्यातल्या बाया! रोसविताच्या टोपलीतही सहा. मी नुसतं पाहिलं तिच्याकडे. ती म्हणाली, "त्यावर फुलं आहेत गं." गाढवाला गुळाची चव काय.

मी पेटीत उतरून पेले काढले. शेजारीपाजारी बघत होते. बघू देत.

२० जुलै

मागणी नाही. रशिया, बल्गेरिया सगळे गप्प. त्यांच्याकडे नवे पैसे कुठून असणार? पट्टा थांबवला. इतकी वर्षं कानात ती खणखण होती. आज शांतता अशी की मी टिचकी मारून एक पेला वाजवला.

भट्टी मात्र मंद आचेवर ठेवलीय. कुणीतरी गिऱ्हाईक येईल, अख्खा कारखाना विकत घेईल, अशी आशा. लोथार आणि आणखी दोघं, म्हातारा ब्रूनो आणि हाराल्ड, आलटून पालटून कोळशाच्या विटा घालतायत.

१४ ऑगस्ट

लिहू की नको? लिहितेच.

पश्चिमेतल्या ऱ्हाइन नदीकडचा एक मालक आला होता कारखाना बघायला. राडेमाखर नावाचा. उंच, हसरा, छान बोलणारा. पिट्श त्याच्यापुढे दारं उघडत पळतोय. पिट्श आता व्यवस्थापक, बरं का! आम्ही बायका पांढरे कोट इस्त्री करून उभ्या. कुणीही पाहुणे आले की पूर्वी एक खेळ ठरलेला असायचा — क्यूबाचे येवोत, मंगोलियाचे येवोत, मंत्री येवोत. मी पेला डोक्यावर धरायचा आणि फरशीवर सोडायचा. ठण्! उसळतो, गोल फिरतो, पडतो. टाळ्या.

पिट्श म्हणाला, "दाखवा ना बाईसाहेब तुमची जादू."

दाखवली. राडेमाखर लहान मुलासारखा खिदळला. स्वतः एक पाडला. मग टेबलावरून पाडला. मग भिंतीवर फेकला! मला वाटलं, जिंकलो आपण. मग त्याने विचारलं, "खानावळीत किती टिकतात हे?"

आणि मी, हाइद्रुन कालिश, छाती काढून म्हणाले, "आमच्या कँटीनमध्ये मी नोकरीला लागले तेव्हाचेच पेले आहेत साहेब! एकही बदलावा लागला नाही!"

तो हसायचा थांबला. पेला हातात फिरवत म्हणाला, "मग दुसऱ्या वर्षी मी विकू काय?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले. सगळ्या हसल्या. त्याने पेला अगदी हळूच टेबलावर ठेवला, जणू फुटेल. जाताना सगळ्यांशी हात मिळवले.

तो गेल्यावर पिट्श माझ्यावर धावून आला — "तोंड बंद ठेवता येत नव्हतं? एक वाक्य! एका वाक्यात घालवलंत सगळं!"

"तूच म्हणालास ना जादू दाखव?"

"जादू दाखवा म्हणालो. हिशेब सांगा म्हणालो नव्हतो!"

आम्हाला जन्मभर काय शिकवलं? टिकाऊ करा. माल वाया घालवू नका, पुन्हा पुन्हा करायला माल नाही आपल्याकडे. ते आमच्या हाडात मुरलंय. चांगली वस्तू चांगली म्हणून विकली जात नाही, हे मला कुठून माहीत असणार? कुणी सांगितलं होतं? या पिट्शने? याला तरी माहीत होतं का? तोही माझ्याबरोबर हसलाच की!

लोथार ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तू खरं तेच सांगितलंस." चिडला असता तर बरं झालं असतं.

१५ ऑगस्ट

रोसविता माझ्याशी बोलत नाही. मीही तिच्याशी बोलत नाही. फुलांचे पेले आणणारी!

३१ ऑगस्ट

पिट्शने अंगणात सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवलं. उद्यापासून काम शून्य. घरी बसा. भट्टी विझवा.

माणसं टोप्या घालून फाटकाकडे निघाली. मोर्चाला नावं न ठेवता चालणारी माणसं ही, सवय आहे. मग लोथार, ज्याने आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नाही, तो म्हणाला, "मी नाही विझवणार."

"लोथार, पगार मिळणार नाही."

"मी पगार मागितला का?"

पिट्श इकडे तिकडे बघायला लागला. अंगणात कोळशाचा डोंगर पडून आहे, तो काही कुणी परत नेणार नाही. शेवटी खांदे उडवून म्हणाला, "मी काही पाहिलं नाही." ही त्याची जुनी कला, आज पहिल्यांदा आमच्या कामी आली. मी घरी येऊन लोथारची पाठ थोपटली आणि मग त्याच्यावर ओरडले. भीती वाटली म्हणून ओरडले.

८ सप्टेंबर

चांगली बातमी! लिहिताना भीती वाटते दृष्ट लागेल म्हणून. डेन्मार्कमधून एक माणूस येणार आहे, ऑक्टोबरच्या मध्यावर. त्याच्या आगबोटी आहेत. समुद्रात बोट हेलकावते आणि रोज पेले फुटतात! त्याला न फुटणारेच हवेत! लोथार दारातूनच ओरडत आला. मला उचलायला गेला, जमलं नाही, दोघं भिंतीवर आपटलो. एक अट आहे, भट्टी चालू असली पाहिजे. थंड भट्टी तो घेणार नाही.

"फक्त तोवर, हाइदे. फक्त तोवर."

१६ सप्टेंबर

हाराल्ड गेला बव्हेरियाला. नोकरी लागली. त्याला काय बोलू, दोन पोरं आहेत. पण निरोप घ्यायला तरी यायचं भट्टीपाशी! ब्रूनोची कंबर धरलीय, मुलगी त्याला घराबाहेर पडू देत नाही.

राहिला लोथार. एकटा.

२१ सप्टेंबर

तो तिथेच झोपतो. बाकावर. मी सोल्यांकाचं आंबट सूप करून डबा नेते, गरमागरम, तो दोन चमचे खातो आणि उठतो. कोळशाच्या विटा फावड्याने उचलायच्या, भट्टीच्या तोंडात टाकायच्या, परत. ओठ निळसर दिसतात. मी म्हटलं, "डॉक्टरकडे चल." म्हणे, "चौदा-पंधरा ऑक्टोबरनंतर." मी फावडं हिसकावलं आणि घालायला लागले. बाजूला उभा राहून मला शिकवतोय — "एवढं नको, थोडं थोडं. तिला ठसका लागेल." तिला ठसका! माझ्या खोकल्याची कधी एवढी काळजी केली नाही या माणसाने.

२६ सप्टेंबर

पडला. फावड्यावरच पडला. मी तिथे होते म्हणून. हृदयाचा झटका.

२७ सप्टेंबर

त्याला नळ्या लावल्यात. डोळे उघडले. माझं नाव नाही, पाणी नाही, काही नाही. पहिला प्रश्न — "जळतेय ना?"

"जळतेय."

"कोण घालतंय?"

"मी."

हात दाबला माझा. माझ्या तळव्याला फोड, जीव गेला, पण ओरडले नाही.

बाहेर डॉक्टरीणबाई भेटल्या. तरुण आहे, पण थेट बोलते. "पुन्हा त्या उष्णतेत काम केलं तर मी काहीच करू शकणार नाही. कालिशबाई, समजतंय ना मी काय म्हणते?" समजलं. मी काही ठार बहिरी नाही.

२९ सप्टेंबर

हॉस्पिटलच्या फाटकाशी पकडला त्याला! सपाता घालून, पायजम्यावर कोट. बस स्टॉपकडे निघाला होता. नर्सने मला बोलावून घेतलं. मी एवढी ओरडले की शेजारच्या खोलीतले रुग्ण बाहेर आले.

"एकटीने कसं जमेल तुला?" हा म्हणतो. "तू दमलीस. तुझं तोंड बघ. मंगळवारी मी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी येतोय. थोडाच वेळ घालेन, बसून बसून."

"मेलास तर?"

"आता पंधरवडाच राहिलाय गं."

मेलास तर, असं मी विचारलं होतं.

१ ऑक्टोबर

आज गावभर फिरले. कुणीतरी या, थोडा वेळ घाला, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. दारोदार! भिकारणीसारखी!

एकाची पाठ दुखते. एक म्हणतो, विमा नाही, काही झालं तर? (विमा! वर्षापूर्वी हा शब्द तरी माहीत होता का रे तुला?) एक जुनी मोटार विकत घ्यायला चाललाय. पिट्श चौकात शिडीवर चढून झेंडे लावतोय. परवा एकीकरणाचा सोहळा ना! मधलं जुन्या राजवटीचं चिन्ह कापलेले झेंडे, गोल भोकं शिवून बुजवलीत. वरूनच म्हणाला, "बाईसाहेब, आता हट्ट सोडा. तो डेन्मार्कवाला आला तर आला."

"म्हणजे?"

"म्हणजे, आला तर आला."

रोसविताकडेही गेले. सगळा मान गिळून गेले. ती नव्या सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते आता. दारातच म्हणाली, "हाइदे, मला पहाटे उठायचंय." मग आत बोलवून कॉफी दिली. त्याच फुलांच्या पेल्यात. एकाला चीर गेली होती.

मी म्हटलं, "लोथार मरेल गं." तिने माझे तळवे उलटे करून पाहिले आणि मलम लावलं. रडली. आली मात्र नाही.

सगळ्यांचा राग येतोय. गावाचा, बर्लिनचा, त्या हसऱ्या राडेमाखरचा. भिंत बांधणाऱ्यांचा आणि पाडणाऱ्यांचाही. माझ्या तोंडाचा. आणि सगळ्यात जास्त त्या भट्टीचा. तिच्यासमोर उभी राहून शिव्या दिल्या आज. खाते आपली, अजून दे म्हणते. दुपारभर घालत होते. उद्या मंगळवार.

३ ऑक्टोबर

काल सकाळपासून कोळसा घातला नाही. फावडं हातात होतं. खुर्ची घेऊन समोर बसले आणि आतला रंग उतरताना पाहिला — पांढरा, पिवळा, लाल, मग काही नाही. दुपारी विटा तडकायला लागल्या. चौकात सोहळ्याच्या बँडची तालीम चालली होती.

तिथूनच हॉस्पिटलात गेले. लोथार कपडे करून बसला होता. त्याला सांगितलं, बर्लिनहून सरकारी माणसं आली आणि विझवून गेली. तो खूप रडला. मग बूट काढले, पलंगावर आडवा झाला आणि त्यांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

मीही घातल्या. त्याच्यापेक्षा मोठ्याने.